पानं किती?

नाही, मला एक सांगा, स्पर्धा वाचनाची आणि मोजायची काय, तर पुस्तकं. पानं नाही हां, पुस्तकं. म्हणजे उशाला घ्यायच्या जाडीचा ठोकळा वाचला तरी एक आणि खिशात मावणारं चिटुकलं वाचलं तरी एकच. असा नियम केल्यावर माणूस काय करणार? पुस्तक हातात घेतलं की लेखक कोण, गोष्ट कसली, काही नाही... पहिला प्रश्न, पानं किती?

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट सांगतोय तुम्हाला. वाशी म्हणजे काय होतं तेव्हा? चार सेक्टर, मधे गवत, संध्याकाळ झाली की खाडीवरून डास, आणि मुंबईचे नातेवाईक भेटले की तोंड पाडून विचारणार, "तिकडे दूध मिळतं का रे?" मी बेलापूरला सरकारी ऑफिसात, बायको वैजयंती घरी, आणि करमणूक म्हणाल तर रविवारचा पिक्चर, तोही लाइट असले तर. म्हणून आमच्या रावसाहेबांनी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत वाचनालय काढलं. रावसाहेब महसूल खात्यातनं रिटायर झालेले. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की वाटतं आपली जमीनच चाललीय सरकारात. त्यांनी पाटी लावली, गट वाचन स्पर्धा. चौघांचा गट. पावसाळ्यापासून गणपतीपर्यंत जो गट जास्त पुस्तकं वाचेल तो पहिला. चौघांनी प्रत्येक पुस्तक वाचायचं आणि रावसाहेब तोंडी परीक्षा घेणार. आणि बक्षीस काय? विजेत्या गटाचा फोटो वाचनालयात लावणार. एवढंच. पण वैजयंतीला तो फोटो पाहिजेच होता.

आता चौघं कोण? मी, वैजयंती आणि शेजारच्या दारातले भगवानराव आणि गिरजाबाई. भगवानराव रत्नागिरीकडचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला. गिरजाबाई तळवलीच्या शाळेत मास्तरीण. त्या वर्षी रजेवर होत्या, परळच्या इस्पितळात येरझाऱ्या चालल्या होत्या. काय झालंय ते कोणी नीट सांगत नव्हतं आणि आम्ही विचारत नव्हतो. परळ म्हटलं की तेव्हा लोक पुढचं विचारायचे नाहीत.

पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे. का, तर मी सरकारी नोकर, मला पळवाटा कळतात, असं वैजयंतीचं मत. मग मी कपाटापुढे उभा राहायचो आणि पुस्तकांच्या पाठीवरनं अंगठा फिरवायचो. जिथे अंगठा दोन पुस्तकांवर एकदम बसेल तिथे थांबायचो. पहिल्याच आठवड्यात मी कुक्कुटपालनावरचं एक नेलं. सरकारी प्रकाशन, मधे कोंबड्यांची चित्रं. रावसाहेबांनी चष्मा खाली घेतला. "सुधीर, हे पुस्तक नव्हे. पन्नास पानांच्या आत असेल त्याला मी परिपत्रक म्हणतो." झालं, खालची हद्द ठरली. मग मी कवितांकडे वळलो. तुम्हाला सांगतो, कवितेच्या पुस्तकासारखी सोय नाही. पानाला चार ओळी, बाकी सगळी मोकळी जागा, सिडकोच्या प्लॉटसारखी. आठवड्यात तीन उडवली आम्ही. चौथ्याला रावसाहेबांनी एका कवितेचा अर्थ विचारला आणि तो रस्ता बंद झाला.

भगवानरावांची वेगळीच तऱ्हा. ते वाचायचेच नाहीत. म्हणजे वाचता यायचं हो, चांगली सातवी झालेली, पण शिफ्टवरनं आल्यावर पुस्तक उघडलं की मान खाली. तर काय व्हायचं, गिरजाबाईंना आता ओट्याशी उभं राहवायचं नाही, म्हणून भगवानराव भाकऱ्या करायचे आणि त्या खाटेवर टेकून त्यांना गोष्ट सांगायच्या. अशी सगळी पुस्तकं त्यांनी कानानं वाचली. आणि परीक्षेला मात्र आमच्यापेक्षा पुढे. रावसाहेब विचारणार, "नायिकेनं घर का सोडलं?" तर हे शांतपणे, "सोडायला नको होतं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. नवरा वाईट नव्हता, नुसता घुमा होता." रावसाहेब मान हलवायचे. लिहून घ्यायचे, पास.

आता गंमत बघा, गिरजाबाईसुद्धा तेच विचारायच्या. मी पुस्तक घेऊन दारात गेलो की उशीवरनं मान उचलून, "सुधीरभाऊ, पानं किती?" मला वाटलं, वा, बाई जिंकायला बसल्यात. मी म्हटलं, "बासष्ट." तर म्हणाल्या, "हां, मग होईल." आणि एकदा चुकून दीडशे पानांचं नेलं, तर हातात तोलून परत दिलं. "नको भाऊ. अर्ध्यात राहिलं तर जीवाला टोचणी."

मी तेही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस सकाळी बसस्टॉपवर भगवानराव भेटले, नाइट करून आलेले, डोळे लाल. मी आपला चालू, की भगवानराव, पलीकडच्या बिल्डिंगचा गट आपल्या पुढे गेलाय, जरा स्पीड वाढवायला पाहिजे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, दिवाळी धरू नका." बस आली. मी चढलो नाही. ते म्हणाले, "जावा तुम्ही, लेट मार्क लागेल." मी चढलो. बेलापूरपर्यंत कंडक्टरनं दोनदा तिकीट मागितलं मला.

त्या दिवसापासून माझं टेन्शन वाढलं. पुस्तक पातळ तर हवंच, पण आता त्यात कोणी मरता कामा नये. आणि तुम्हाला सांगतो, हे इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. पातळ पुस्तकांत माणसं फार मरतात हो. जाड पुस्तकात लेखकाला घाई नसते, लोक आजारी पडतात, बरे होतात, भांडतात, त्यांच्या मुलांची लग्नं होतात. साठ पानांत काय करणार तो? चाळिसाव्या पानावर खोकला, साठाव्यावर आटोपलं. मी कपाटापुढे उभा राहून एकेक पुस्तक मागनं उघडायचो. शेवटचं पान आधी. चिता? परत ठेव. पांढरी साडी? परत ठेव. 'तिने डोळे मिटले'... आता हिला झोप लागली की काय, हे बघायला पुन्हा मागची पानं चाळा. रावसाहेब लांबनं बघत असायचे. एकदा म्हणाले, "सुधीर, पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची पद्धत आहे." मी म्हटलं, "रावसाहेब, मला फक्त पानं किती ते बघायचं होतं."

असं करून मी काय काय नेलं. प्रवासवर्णन. एका सर्कशीची गोष्ट. नाटक, विनोदी, ज्यात सगळे एकमेकांच्या खोलीत शिरतात. आठ-दहा पुस्तकं झाली असतील. एका दुपारी वैजयंती त्यांच्याकडे पेज घेऊन गेली होती, मीही मागनं पुस्तक घेऊन. तळवलीची गोजरा आलेली, तिची दोन्ही पोरं गिरजाबाईंच्या हाताखाली शिकलेली. खाडीतल्या निवट्या, चिखलातली मासळी, आणल्या होत्या तिनं, भांडंभर. "बाय, ह्या खावा. आंगान ताकद येल. पोरा रोज इचारतान, बाय कवा येनार?" गिरजाबाई म्हणाल्या, "आधी पाढे पाठ करा म्हणावं, मग येते." गोजरा हसली आणि जिन्यात जाऊन रडली, ते आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. गिरजाबाईंनाही.

मग त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "सुधीरभाऊ, ह्यातही कोणी मरत नसेल ना?"

मी म्हटलं, "पानं साठच आहेत."

"मी मास्तरीण आहे," त्या म्हणाल्या. "पोरगं उत्तर लपवतंय हे मला वर्गाच्या दारातनं कळतं. सर्कशीतला वाघसुद्धा मरत नाही तुमच्या. मला एक तरी आणा ना ज्यात माणूस नीट मरतं. बघू तरी, बाकीचे कसं करतात."

वैजयंती उठून आत गेली, भांडं विसळायला. भांडं स्वच्छच होतं. मी म्हटलं, "आणतो." दुसऱ्या दिवशी आणलं. कोणतं आणू, कोणतं आणू करत ऑफिस बुडवलं मी त्या दिवशी. शेवटी एक निवडलं, एका आगगाडीच्या गार्डाच्या बायकोची गोष्ट, बारीकशी, ती शेवटी जाते. दारात गेलो तर सवयीनं, "पानं किती?" मी म्हटलं, "सत्तर." त्यांनी ते दोन दिवसांत वाचलं आणि आम्हा तिघांना बोलावलं, चर्चेला. खिडकीशी खाट, पावसाची रिपरिप, भगवानराव चहा करतायत, आणि ही बाई वही तपासावी तशी त्या लेखकाला तपासतेय. "ह्याला काही माहीत नाही. मरताना ती बाई दोन पानं बोलते. एवढा दम असतो का? मला 'पाणी द्या' म्हणताना मधे थांबावं लागतं. आणि नवरा बघा, कोपऱ्यात उभा राहून आभाळाकडे बघतो. आभाळाकडे काय बघतो, पाय दाब ना जरा." भगवानराव खाटेच्या पायथ्याशी बसले आणि पाय दाबायला लागले. "बरोबर आहे," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. खरंच हसलो हो. मीही हसलो, आणि हसता हसता बाहेर येऊन गॅलरीत उभा राहिलो, खाडीकडे तोंड करून. म्हणजे तोच प्रकार, आभाळाकडे बघणं.

त्यानंतर मी शेवटचं पान बघायचं सोडलं. जे हाताला येईल ते. फक्त पातळ. त्यांना आता एका बैठकीत दोन-तीन पानं व्हायची, तरी भगवानरावांना रोजची गोष्ट रोज सांगायच्या, हळू आवाजात, मधे थांबत. भिंत कॉमन आमची, गोष्ट कळायची नाही, नुसता आवाज यायचा. शेवटचं पुस्तक दोन बहिणींचं होतं. एकीचं लग्न दुसरीला न विचारता ठरतं, तिथनं अबोला. श्रावणात नेलं होतं मी. अर्धं झालं. नारळी पौर्णिमेच्या आसपास त्यांना परळला नेलं आणि तिथेच त्या गेल्या. दिवाळी धरू नका म्हणाले होते डॉक्टर. आम्ही तरी मनात गणपती धरले होते.

जलदानविधीला तळवलीची माणसं टेम्पो करून आली. शाळेतली पोरं पांढरे शर्ट घालून ओळीत बसली. रावसाहेब आले होते, मागे उभे. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मी म्हटलं, आता हे नियम काढणार, गट चौघांचा पाहिजे म्हणून. तसं झालं असतं तर मी बोललो असतो त्यांना, सांगतो तुम्हाला. पण ते म्हणाले, "नियमात चौघं लिहिलंय. चौघांची नावं तशीच राहतील." आणि छत्री उघडायला बराच वेळ लावला त्यांनी. छत्री चांगली होती.

मग दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दार वाजलं. भगवानराव. "तिचं ते राहिलेलं पुस्तक परत दिलं का तुम्ही?" मी म्हटलं, "आहे घरात, परळला जाताना त्यांनीच वैजयंतीकडे दिलं होतं. पण राहू द्या हो, आता स्पर्धेचं कसलं..."

"स्पर्धेचं नाही," ते म्हणाले. "त्या दोघी बहिणी पुढे बोलल्या का नाही, ते मला कळलंच नाही. लग्नाच्या मांडवापर्यंत सांगितलं होतं तिनं. आता कोण सांगणार?"

मला गोष्ट माहीत होती. मी वाचलं होतं ना पुस्तक. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "सांगू नका. मी वाचतो." आणि ते पातळसं पुस्तक दोन्ही हातांत धरून शेजारच्या दारात गेले. भिंतीपलीकडनं पुन्हा आवाज यायला लागला. मोठ्यानं वाचायचे ते, अक्षर अक्षर लावत, एकटेच. कधी एक ओळ दोनदा. वैजयंती टीव्हीचा आवाज बारीक करायची.

गणपतीत निकाल लागला. आम्ही दुसरे. फोटो पलीकडच्या बिल्डिंगचा लागला. वैजयंती तो बघायला खाली गेली नाही. चौघांचा फोटो आमच्याकडे असा नव्हताच म्हणा.

आणि मला वाटलं, संपलं. तर निकालानंतर चार दिवसांनी परत दार वाजलं. भगवानराव, हातात पुस्तक. म्हणाले, "झालं वाचून. बोलल्या त्या दोघी. पण फार उशिरा." मी म्हटलं, "हो." ते उभेच. मग म्हणाले, "दुसरं आणून द्याल का एखादं? पण जाड. चांगलं जाड बघा. ही पातळ पुस्तकं संपतात हो, आणि संध्याकाळ संपत नाही."

मी तसाच खाली गेलो वाचनालयात. अंगठा फिरवला कपाटावरनं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हटलं, "रावसाहेब, जाड काही?" रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "सुधीर, यंदा सभासदांच्या मागणीवरून सगळी पातळच मागवली आहेत."