गेटवरचा थर्मास

मोठ्यांनी मागितलं की काहून म्हणून विचारायचं नाही, उठून आणून द्यायचं — हेच शिकवलं ना मोठे बाबा तुम्ही आम्हाला? मग हा घ्या थर्मास. काल तुम्ही माळ्यावरून काढला, सकाळी कुल्फीवाल्याचा बर्फ भरला, लॅबला निघताना माझ्या हातात दिला — आणि मी नेलाही. दिवसभर टेबलाखाली पायाशी होता. थांबा, झाकण उघडू नका, बसा आधी. आणि हे कंपाउंडर भैया दारात काहून उभे आहेत? अच्छा, सुई द्यायला. बसा योगेश भैया, नेपियर टाउनवरून उन्हात आले तुम्ही.

तुम्ही आणायला सांगितली ती शिशी आहे लॅबमध्ये. खरीच आहे, मी कुठं नाही म्हणते? अश्वजीतदादाच्या लग्नात तुम्हीच चार पाहुण्यांसमोर विचारलं, आमची श्रद्धा काय करून राहिली सांग यांना — तर मी सोपं करून सांगायला गेली. माणसाच्या पेशीत एक प्रोटीन असतं, कोणता जीन चालू करायचा, कोणता बंद, ते पाहतं, बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही, आम्ही त्याच्यावर काम करतो. तुम्ही तेवढंच धरलं — वाढू देत नाही. आणि मोठी आई, तुम्ही तर साऱ्या चेरीतालमध्ये सांगून आल्या, पोरीच्या लॅबच्या फ्रिजमध्ये औषध पडलं आहे अन् बाप घरात कॅन्सरनं झिजून राहिला.

औषध नाही ते. प्रोटीन माणसाचं, पण बनवून घेतलेलं जीवाणूंकडून — त्यांची घाण थोडीफार राहतेच त्यात. आमच्या प्रयोगाच्या नळीत चालते. बाबांच्या रक्तात गेली तर थंडी वाजेल, ताप चढेल, बीपी पडेल — आणि प्रोटीन? ते पेशीच्या आत शिरणारच नाही, बाहेरच मोडून जाईल. शिशीवर छापलेलं आहे, फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. काय? कंपन्या असंच लिहितात? बरं. तुम्हाला जास्त माहीत.

देऊन पाहायला काय जातं, म्हणता. पुढच्या केमोपर्यंत तेवढाच आधार — कोणती पुढची केमो, मोठे बाबा? पुढची नाही आहे.

म्हणजे — डॉक्टरांनी बंद केली. मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं पाहा. दोन केमोंमधली गॅप आहे, हे मी माझ्या मनानं सांगितलं तुम्हाला. सांगणार नव्हती आजही. नाही, रडून नाही राहिली मी. येतच नाही रडू, चार दिवस झाले वाट पाहते. मोठी आई, हळू बोला, ते जागे आहेत आत. हो, त्यांना माहीत आहे. त्यांनी मला विचारलं, त्याच्या आधीच माहीत होतं.

सकाळी विचारत होते, भाऊनं माझा थर्मास कशाला काढला? मी सांगितलं. हसले थोडे. म्हणाले, सारी नोकरी फॅक्टरीच्या गेटवर हात वर करून झडती दिली पोरी, सुट्टी झाली की हा रिकामा थर्मास रोज उलटा करून दाखवला शिपायाला. एक खिळा नाही आणला घरी. आता शेवटी-शेवटी तुझ्याकडून चोरी करवू काय?

हे पाहा. उलटा करते. पाणी आहे — तुमच्या बर्फाचं. दुसरं काही नाही. नाही आणली मी, आणि उद्याही नाही आणणार. बापापेक्षा नोकरी मोठी झाली म्हणा, शिकून माजली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा — नाही. चलो भैया, सुई ठेवा पिशवीत, निघा तुम्ही.




बरं. मोठे बाबा, पाय वर घ्या. पाणी सांडलं, फरशी पुसते.