बंब कोण चालवतंय?

हॅलो?… हां, ताई! बोल, बोल… नाही गं, दुकानातच आहे. एका फ्रेमचा कोपरा चिकटवत होतो. फोन मानेत धरलाय, दोन्ही हात डिंकात… तू बोल.

काय?… आभार? माझे?

अगं, पण कशाबद्दल?… हो… हो… भाऊजी?… स्वतः वाढून घेतात? वा!… कोण हसलं? भाऊजी हसले? मोठ्याने?

अगं, त्यात काय एवढं… नाही नाही, आभार कसले, घरचंच माणूस… खरं सांगू का, मला वाटलंच होतं. आमची ही म्हणत होती, बसवरची ड्रायव्हरकी सुटलेल्या माणसाला तुम्ही व्हिडिओ गेम नेऊन देताय, ते काय लहान आहेत का? मी म्हटलं, बघच तू. घरात दोन कन्सोल धूळ खात होते, एक त्यांना दिला, एक मी घेतला… हो ना. माणसं कळतात मला थोडीफार… नाही गं, गर्व कसला, आपलं सहज…

आत्ता?

आत्ता काय करतायत म्हणालीस?

माझ्याशी बोलतायत?

ताई… अगं ऐक ना. आत्ता मी तुझ्याशी बोलतोय.

नाही, एका वेळी दोघांशी कसा बोलेन? एकीशी बोलतानाच डिंक शर्टाला लागलाय… कानाला हेडफोन आहे ना त्यांच्या? आणि समोर तोच खेळ? आगीचा बंब?… मग बोलत असतील कोणाशीतरी. पण तो कोणी मी नाही.

आता तू ओरडू नकोस. आधी ऐकून घे… मी खेळतच नाहीये. नवीन इंटरनेट घेतलं ना आम्ही, तेव्हापासून एकदाही नाही… हो, बरेच दिवस झाले… हो, मघाशी तू आभार मानत होतीस तेव्हा… घेतले. हो, घेतले मी. समोरून चालत आले, काय परत पाठवू?… वाटतेय, लाज वाटतेय. अगदी वाटतेय.

एक मिनिट हं… या काका, बसा. प्रमाणपत्र का? काच साधी की ती न चकाकणारी?… बघा, तिथे दोन्ही लावून ठेवल्यात. ठरवा निवांत… हां ताई.

अगं, टाळलं नाही मी! जुळतच नव्हतं. मी त्यांना बोलावलं की पडद्यावर यायचं, 'जोडणी होऊ शकली नाही.' मी खेळात त्यांच्याकडे गेलो तरी तेच… नाही, त्यांना फोन नाही केला… कारण मला वाटलं ते चिडलेत. शेवटचं खेळलो तेव्हा मी बंब हॉस्पिटलात घातला होता… अगं खेळातल्या! आग त्याच हॉस्पिटलला लागली होती. आम्ही विझवायला गेलो होतो. थेट रिसेप्शनमध्ये… हसू नकोस. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याबरोबर पुन्हा बसणार नाही. मीही बसलो नसतो माझ्याबरोबर.

मग काय, दुरुस्ती काढली. इंटरनेटचा डबा कपाटावर ठेवला. मग स्टुलावर. मग खिडकीत, म्हटलं मोकळी हवा मिळेल… हो, असंच म्हटलं मी. मग त्याच्या पाठीला एक बारीक भोक दिसलं, त्यात टाचणी घातली. सगळे दिवे गेले. आत आमची ही साहेबांशी मीटिंगमध्ये बोलत होती, ती वाक्याच्या मध्यात गेली… बोलली ना! बाहेर येऊन राहिलेलं वाक्य माझ्याशीच पूर्ण केलं.

शेवटी कंपनीला फोन लावला. आवाज चढवून म्हटलं, बाई, माझा सिनेमा चालतो, बातम्या चालतात, फक्त माझे भाऊजी चालत नाहीत. तर ती काळजीने म्हणते, सर, त्यांना डॉक्टरांना दाखवलंत का?

हस, हस… पण पोरगी चांगली होती. तिने नीट सांगितलं. म्हणाली, सर, तुमचा पत्ता सामायिक आहे… घराचा नाही गं, इंटरनेटवरचा. प्रत्येक जोडणीला एक नंबर असतो, तोच पत्ता. ते नंबर पुरेनासे झालेत, म्हणून कंपनी एकच नंबर शेकडो गिऱ्हाइकांत वाटते… हो, एका नळावर आख्खी चाळ.

आता बघ. इमारतीच्या दारावर इमारतीचं नाव आहे, पण आत कोणाचं बिऱ्हाड कुठे ते कुठेच लिहिलेलं नाही. आपण होऊन पत्र पाठवलं तर उत्तर येतं, कारण पहारेकऱ्याला आठवतं हे कोणाचं ते. म्हणून सिनेमे चालतात. पण बाहेरून कोणी आपणहून आलं की पहारेकरी म्हणतो, कोण पाहिजे? माहीत नाही, जा परत. आणि या खेळात तर एकाने दुसऱ्याच्या दारात जायचंच असतं… नाही ना! भाऊजींचंही तसंच, तुमच्याकडेही सामायिकच. एकाचं दार उघडं असलं तर दुसऱ्याला जाता येतं; आमच्या जुन्या इंटरनेटला ते होतं, म्हणून तेव्हा जमायचं. दोघांचीही बंद, म्हणजे दोघं आपापल्या घरात बसून एकमेकांची वाट बघणार.

हो… बरोबर बोललीस. फोन करायचा होता. साधा फोन.

वर आणखी गंमत ऐक. मधे एकदा खेळाने मलाच बंदी घातली! का, तर तुमच्या पत्त्यावरून कोणीतरी लबाडी केली. मी! ज्याला बंब वळवता येत नाही तो लबाडी करणार! पत्ता सामायिक, म्हणजे केली असणार दुसऱ्याच कोणीतरी. दोन दिवस मी शेजाऱ्यांकडे संशयाने बघत होतो. लिफ्टमध्ये त्या योगशिक्षकांना सुनावलं, 'माणसाने हरावं, पण सरळ हरावं.' ते म्हणाले, 'सुंदर विचार.'

मिळाला की आता. स्वतंत्र पत्ता मागितला की देतात, नाही मागितला तर सांगत नाहीत. कालच लागला. पडद्यावर हिरवी खूण, 'खुली जोडणी.' बंगला बांधल्यासारखं वाटलं मला. लगेच भाऊजींच्या खेळातल्या खोलीवर टकटक केली, तर आलं, 'खोली भरलेली आहे.' मी म्हटलं, भरलेली? भाऊजींची? त्या खोलीत माझ्याशिवाय कोण जाणार?

काका, न चकाकणारी?… चांगली आहे, चांगली आहे. नाव काय लिहू? तुम्हीच लिहा त्या पावतीवर, माझे हात बघा…

हां ताई. आता एक कर. फोन घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी जा आणि नुसता धर. बोलू नकोस…

…

…हा त्यांचा आवाज आहे?

अगं, किती खणखणीत! काय म्हणतायत… 'मागच्यांनी धरून बसा, वळण आहे…' ताई, ही तर त्यांची बसमधली हाक! तूच सांगायचीस ना… तू रडतेयस का? अगं, नको ना… हो, कळतंय मला. चक्कर यायला लागली आणि गाडी काढून घेतली, तेव्हापासून हा आवाज नव्हता घरात… हो. दाराकडे बघत बसायचे, मी पाहिलंय ना.

दे, त्यांना दे फोन. आग विझली की दे.

…

भाऊजी? मी बोलतोय… नाही हो, रागावलो कशाला? मला वाटलं तुम्ही रागावलात! ते हॉस्पिटल… हसत होतात? तेव्हा? मग आवाज का नाही आला?… माइक बंद करून? माझा अपमान नको म्हणून?

…काय म्हणालात?

तुम्हाला वाटलं, मीही कंटाळलो?

नाही हो भाऊजी. नाही. पत्त्याची भानगड होती, शपथ. मी इथे टाचण्या खुपसत बसलो होतो… रोज त्या वेळेला लावून बसायचात? वाट बघत?… मी पण, भाऊजी. मी पण इकडे तेच करत होतो.

मग?… चुकून दुसरंच बटण दाबलं. आणि अनोळखी लोकांच्या बंबात जाऊन पडलात… कोण कोण?… एक नर्सबाई, एक पियानो शिकवणारे, आणि?… बेकरीवाला. बरं… त्यांनी विचारलं, बंब कोण चालवतंय?… कोणी तयार होईना. मग तुम्ही म्हणालात, द्या इकडे…

एक ओरखडा नाही? बाजारातून? तो फळवाल्यांचा कोपरा आहे ना… तिथूनही? मी तर दर वेळी सगळी फळं… हो, माहितीये तुम्हाला, तुम्ही शेजारीच असायचात.

भाऊजी, एक विचारू? मी तुम्हाला स्टिअरिंग कधी दिलंच नाही ना?

…म्हणजे, मुद्दाम नाही दिलं. मला वाटलं, ज्यांची गाडी सुटली त्यांच्या हातात पुन्हा गाडी द्यायची म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून तुम्हाला पाइप धरायला बसवलं आणि स्वतः… नाही. विचारलं नाही. हो. विचारायला हवं होतं.

पण तुम्ही का नाही मागितलंत?

…

मी एवढा रंगात यायचो म्हणून?

बरं… नाही, ऐकतोय. आहे मी. डिंक गेला डोळ्यात. डिंकच हो.

म्हणजे इतके दिवस मी समजतोय, मी तुम्हाला खेळवतोय. ताईकडून आभारसुद्धा घेतले मघाशी… अर्धे परत करतो. सगळेच करतो.

मला घ्याल का आत?… हो, भरलेली आहे, बघितलं मी… संध्याकाळी नर्सबाईंची ड्यूटी असते? मग त्यांच्या जागी, बदली कामगार म्हणून… चालेल! काहीही चालेल. शिडी? शिडी धरतो… नुसती धरायची. वर चढायचं नाही. बरं… पाइपला हात नाही… हॉर्नही नाही? एकदासुद्धा?… बरं, बरं, तुम्ही म्हणाल तसं. तुमचा बंब आहे.

नाही, उशीर नाही करणार. आज दुकान लवकर… भाऊजी?… हॅलो? भाऊजी?

ठेवला.

अहो काका, काही नाही, घरचाच फोन… आग? नाही नाही, घाबरू नका. लागली असेल कुठेतरी, पण ते निघालेत.