मफलर

—नाही, भावोजी नाहीत. दवाखान्यात आहेत. काल गाडीखाली काम करताना जॅक सरकला, आणखी काय. तुमच्या गाडीचा सायलेन्सर मीच बसवतेय, काका, बसा ना त्या स्टुलावर, दहा मिनिटांत होईल. आणि असं बघू नका, बाबांच्या हाताखाली शिकलेय, वर सहा वर्षं परदेशात राहून हेच शिकून आलेय, आवाज कमी कसा करायचा. मला वाटलं होतं, घरी आले की गल्लीला झोपू देईन, समोरच्या शाळेतल्या पोरांना बाईंचं ऐकू येईल, असलं काहीबाही. हसा, हसा, ताईपण हसली होती. आणि येऊन बघते तर काय? आवाज दाबायचं काम इथं आधीच चाललेलं. माझ्यापेक्षा चोख.

जरा तो पाना द्या. नाही, मोठा. हां. तर तिकडं ह्या डब्याला मफलर म्हणतात. आपल्याकडं कोण म्हणतं? सायलेन्सर म्हणतात, तुम्हीपण आल्याआल्या तेच म्हणालात. गेल्या वर्षी ताईचा निरोप आला, 'छोटे, मफलर पाठव, लवकर.' बास, एवढंच. आणि मी शहाणी, मला वाटलं, टेस्टिंगच्या इंजिनासाठी हवाय, बाई आता धंद्यात लक्ष घालायला लागली. रात्रंदिवस बसून तीन कप्प्यांच्या सायलेन्सरचं ड्रॉइंग केलं आणि पाठवलं. तिचं उत्तर काय? 'छान आहे.' — आता सांगा, गॅरेजात जन्म काढलेली बाई सायलेन्सरला मफलर म्हणेल का? तिला गळ्यात गुंडाळायचा मफलर हवा होता, काका. लोकरीचा. उन्हाळ्यात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. कुठला मफलर ते मागाहून फोनवर उलगडलं, तेव्हा येताना एक निळा घेऊन आले आणि तिच्या अंगावर टाकून म्हटलं, घे बाई तुझा मफलर, आता तरी भांडू नकोस. तिनं लगेच गळ्याला गुंडाळला. घरातही काढेना. मी चिडवायचे — थंडी वाजते का गं राणीसाहेब?

डिक्शनरीत बघितलंत तर आणखी एक अर्थ आहे, माहितेय? मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांचे हातमोजे. जुन्या काळी त्यांनाही मफलर म्हणायचे. म्हणजे ठोसा लागावा, पण फार दिसू नये. मला फार गंमत वाटली होती ते वाचून. भावोजी कधी डिक्शनरी उघडत नाहीत, पण हाताला ऑइल पुसायचं फडकं गुंडाळायचे. दोन वेढे. नीट.

—हो, सांगते, सांगायला लागलेच आहे तर. ते मागचं इंजिन बघितलंत? लोखंडी घोडीवर बसवलेलं? त्याचा सायलेन्सर पार फुटका, असून नसल्यासारखा. दुपारी शटर ओढायचं, इंजिन चालू करायचं, अख्खी गल्ली म्हणायची, टेस्टिंग चाललंय. मीपण म्हणायचे. बारा दिवस खपून मी त्याच इंजिनासाठी माझ्या ड्रॉइंगचा सायलेन्सर बनवला. काल सकाळी जुना काढून दाराशी टाकला, नवा बसवला. भावोजी म्हणाले, 'वा, शिकलेल्या मेव्हणीचा पराक्रम.' दुपारी मी क्लॅम्प आणायला गेले, परत येते तर शटर अर्धं ओढलेलं आणि इंजिन चालू. इतकं हळू, शिवणयंत्रासारखं. छाती भरून आली हो माझी. मग आतून ठप्. जरा थांबून परत ठप्. मला वाटलं, आतली जाळी सुटली, वेल्डिंग कच्चं राहिलं माझं. वाकून आत गेले ते जाळी बघायला. — नव्या सायलेन्सरनं आवाज गेलाय हे भावोजींच्या लक्षातच आलं नव्हतं. इंजिन चालू केलं की कुणाला ऐकू जात नाही, अशी सवय झालेली. ताई भिंतीशी खाली बसलेली, आणि मफलरचं टोक तिच्या तोंडात. कोंबलेलं नव्हतं कुणी. तिनंच दातांत धरलं होतं. मी आणलेला मफलर.

जॅक कसला सरकतोय. तो जुना सायलेन्सर दाराशी होता, तोच उचलला. एकदा मारला. — नाही, एकदा नाही. पहिला हातावर, फडकं गुंडाळलेल्या, हाड मोडल्याचं ऐकलं मी, इतकं शांत होतं ना इंजिन. दुसरा जबड्यावर, कारण एक हात मोडला तरी दुसऱ्यातले तिचे केस ते सोडत नव्हते. आणि तिसरा... तिसऱ्या वेळी ते खाली पडले होते. हात वर करून 'नको' म्हणत होते. ते मी ऐकलं, आणि तरी मारला.

बरगड्या गेल्यात दोन. जबडा तारेनं बांधलाय, महिनाभर बोलता यायचं नाही. ताईनं डॉक्टरांना जॅकचं सांगितलं, मला शपथ घातली, तूही तेच सांग, तुझं सगळं आयुष्य जायचंय. आता अकराला पोलीस येतील जबाब घ्यायला.

तुमची खिडकी समोरच ना, काका? दोनदा तक्रार केली होतीत म्हणे आवाजाची. इंजिनाच्या. — काय म्हणालात? इंजिन बंद झाल्यावरही कधीकधी यायचं कानावर? किती वर्षं? ... राहू दे. पाणी घ्या. तुम्हाला नाही विचारत मी, उत्तर नका देऊ.

आज सकाळी हा हात धूत होते, तेव्हा ठरवलं. सांगणार. नुसते पहिले दोन सांगितले तर तिला वाचवायला मारले म्हणून मी सुटते, हे कळतं मला, तेवढं शिकलेय. तिन्ही सांगणार. मी माझा एक फटका गुंडाळून ठेवला तर तिचे इतक्या वर्षांचे कोण उघडे करणार?

झालं. ही किल्ली. चालू करून बघा — बघा, येतोय आवाज? जा आता, अकरा वाजत आले.

ताई, चल. नको, तो मफलर राहू दे खुंटीला. अशीच ये.