पितळेची पट्टी

— तिथंच उभी राय, बायजा, आत येऊ नोको. हात नोको दाखवू माले, मशीनच्या पट्ट्यात गेला तवा मीच तर धावलो ना. देवरीवरून बसनं आली अना म्हणतेस, मी, गोवर्धन मिस्त्रीनं, भरपाईच्या साहेबापुढं गवाही द्यावी — का मशीन बंद होती, बाईनं चालूत हात नाही घातला. कायले देऊ? चुन्नीलाल शेट म्हणते चालूत घातला. मालक खोटं बोलते का? — बोलते, तो भाग अलग. आता आपण मुंबई राज्यात गेलो म्हणून शेट बदलला का? धानाची मिल त्याचीच आहे.

हे डबडं पाह्य, स्टार्टर म्हणतात याले. आत लोखंडाच्या गाभ्यावर तार गुंडाळली आहे. विजेची लाईन असली का गाभा चुंबक होते, मोटर चालू ठेवणारा हा लोखंडी दांडा धरून ठेवते. लाईन गेली का सोडते — स्प्रिंग दांडा मागं फेकते. मंग लाईन परत आली तरी मोटर आपल्या मनानं फिरत नाही. समजलं? नाही समजलं. चुंबकाचा जोर लोखंडातून पाटातल्या पाण्यासारखा सरसर जाते, मधात फट आली का अडते. तरी बनवणारा गाभ्यावर पितळेची पट्टी ठेवते, कागदाएवढी पातळ, मुद्दाम फट पाडाले. काऊन? लोखंडाले लोखंड भिडलं, तर लाईन गेल्यावरही थोडा चुंबक मागं राहते, दांडा सुटत नाही.

अना त्या दिवसांत लाईन कमजोर, दांडा घडीघडी पडे, शेट माझ्या मायबापाचा उद्धार करे — तर काढली मी पट्टी. तार तेवढीच, जोर दुप्पट. आठ दिवस दांडा नाही पडला, शेटनं पाठ थोपटली. मंग लाईन गेली, मीच म्हटलं, बायजा, पट्ट्याखालचा कोंडा काढून घे — तू वाकली, दांडा तसाच चिकटून, अना लाईन आली —

काऊन पाहून राहिली अशी? काय म्हटलं मी? काही नाही म्हटलं.

पट्टी बसवली आहे परत. साहेबानं उघडलं तरी सगळं बरोबर दिसते. तू सांगशीन त्याले? तोंडी चालत नाही, बाई, लिहून लागते. सही येते तुले? मंग डाव्याच अंगठ्याची निशाणी लागते. तो तर पट्ट्यानं नेला. कुठून आणशीन?

हो बाजूले. मोटर चालू कराची आहे.