उकळल्या पाण्याचा मार

...आता हे टेंगूळ बघा! न्हाय, असं लांबून न्हाय, हात लावून बघा, लिंबाएवढं हाय का न्हाय? आन् कशापायी, तर पाणी प्यालो म्हणून! दारू न्हाय, शिंदी न्हाय, पाणी हो, निस्तं पाणी! शेजारच्या गुंडप्पाच्या आडावर ओंजळभर प्यालो, तोंड पुसलं, वळलो, तर मागं आमची बायको इरम्मा उभी, हातात चुलीची लोखंडी फुकणी, आन् तोंडात एकच कानडी शब्द, "ब्याड!" म्हंजे नको. आता तुमीच सांगा, नको म्हणायचं तर आधी म्हणावं का डोक्यात घातल्यावर म्हणावं? आमच्यात आधी फुकणी बसती, मग नको ऐकू येतं.

तुमाला सांगतो, ह्या तेरमधी भुसाराचं दुकान करून वीस वर्सं झाली, निजामाचा जमादार बी मला "सिद्रामप्पासेठ" म्हणून हाक मारतो, आन् घरात? घरात मला रांजणाला हात लावायची परवानगी न्हाय! यंदा पावसाळा लागल्यापासनं रांजणावर झाकण, झाकणावर वरवंटा, चूल दिसभर पेटलेली, तुराट्या ओल्या, घरभर धूर, आन् त्या धुरात इरम्मा, डोळे लालभडक, फुंकतीया आन् मारतीया, मारतीया आन् फुंकतीया! मेव्हणा आला तामलवाडीहून, तहानलेला बिचारा, रांजणात तांब्या बुडवला, तर मनगटावर असा फटका बसला की तांब्या रांजणात आन् मेव्हणा उंबऱ्याबाहेर. सख्खा भाऊ हो तिचा!

तुमी म्हणाल, बाई येडी हाय का? न्हाय हो. मागल्या आखाडात तेरणेला गढूळ पाणी आलं, समद्या गावानं तेच प्यालं, आमी बी प्यालो, आन् पटकी आली. दोन ल्योक होते मला. थोरलं सकाळी गेलं, धाकटं दिवस मावळायच्या आत. म्या माझ्या हातानं... जाऊ द्या. राहिली एक पोरगी, जगदेवी, तवा अडीच वर्साची. मग धाराशिवहून सरकारी कंपौंडर आला, टोपी सरळ करत म्हणला, "देखो सेठ, हैजा पानी में रहता. उबालके पीना, नै तो कफन नापके रखना." म्या मान हलवली आन् विसरलो. इरम्मा विसरली न्हाय. तवापासनं तिचं एकच, जगदेवीच्या पोटात कच्च्या पाण्याचा थेंब जाता कामा नये, त्याच्यापायी नवऱ्याचा मुडदा पडला तरी बेहत्तर!

बरं, मार खाऊन बी दिवस निघाले असते. पण आला की यंदा श्रावणातला सोमवार! आमच्या लिंगायतांत त्या दिवशी जंगम स्वामी घरी येत्यात, त्यांचे पाय परातीत धुवायचे आन् ते पाणी तीर्थ म्हणून घरातल्या समद्यांनी घ्यायचं, लहान लेकरानं तर सगळ्यात आधी. आन् स्वामी कोण? वीरभद्र स्वामी! धिप्पाड माणूस, नदीपल्याडनं अनवाणी, पोटऱ्यांपतोर चिखल तुडवत आलेले, वाटेत म्हशी, बैलं, उकिरडे, काय न्हवतं त्या चिखलात! इरम्मानं दारातनं ते पाय बघितले आन् तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मला आत ओढलं. म्हणली, "पाणी उकळलंय हो. पण पाय कुठं उकळल्यात?"

म्या म्हणलं, अगं, स्वामींचे पाय हायत ते, रताळी न्हायत! म्हणली, "गप बसा. चुलीवरचं सरळ उचलून घाला. गार पाण्याचं विसण घातलंत तर याद राखा." पुढं स्वामींचे पाय, मागं फुकणी. तुमी काय केलं असतं? म्या घातलं.

अगागागागा! स्वामी पाटावरनं उठले न्हाय, उडाले! मंत्र चालू होता तो मधीच तुटला आन् अशी शिवी निघाली की आठवडी बाजारात बी म्या ऐकली न्हवती, आन् खाली येताना त्यांची लाथ माझ्या छातीत, म्या भिंतीला, तवर त्यांच्यासंगं आलेल्या शिष्यानं काठी काढली, पाठीत चार सणसणीत! अहो, पाणी हो, निस्तं पाणी! तेवढ्यात गुंडप्पा, भला माणूस, आडातलं गार पाणी बादलीभर आणून स्वामींच्या पायावर ओततो, ते उडतंय परातीत, आन् परातीजवळ कोण? जगदेवी! तोंड उघडं टाकून बघत बसलेली! बास. फुकणी गुंडप्पाच्या टाळक्यात, टण्ण! गुंडप्पा जागच्या जागी बसला. त्याची बायको गिरिजाबाई "माझा धनी मारला गं!" म्हणत आली आन् इरम्माची वेणी धरली, इरम्मानं तिच्या बरगडीत कोपर घातलं, शिष्य सोडवायला गेला तर दोघींनी मिळून त्यालाच खाली घेतला, दारात तीर्थाला थांबलेली माणसं आत घुसली, काय झालं ते कुणालाच ठावं न्हाय, पण हात सगळ्यांचे चालू! कुणीतरी माझंच पायताण घेऊन मलाच बडवत होतं. म्या आपली परात डोक्यावर धरून कोपऱ्यात.

स्वामींचे पाय टरटरून फुगले. चालता येईना, मग कुठं राहणार? आमच्याच घरी, पंधरा दिवस! कोरफड लावायची आन् शिव्या खायच्या, हे काम माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी स्वामी गरजले, "इरम्मा, प्यायला हे कोमट पाणी नको. आडातलं गार आण!" आन् काय सांगू तुमाला, त्या बाईनं फुकणी उचलली हो... स्वामींवर! पण मारली न्हाय. हात तसाच वर राहिला आन् ती रडायला लागली. पोरं गेली तवा एक टिपूस काढलं न्हवतं तिनं. म्हणली, "मारा मला, शाप द्या, स्वामी. पण एवढी एकच राहिलीया मला. हिला न्हाय म्या जाऊ देणार."

स्वामींनी जगदेवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग कोमट पाण्याचा तांब्या उचलून एका दमात रिकामा केला. दुसऱ्या दिवशी समदी गल्ली बोलावली आन् सांगितलं, "स्वामी घरी आला की त्याचे पाय आधी अंगणात राख लावून धुवायचे. मग तीर्थाला उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं. गार केलेलं!" हे माझ्याकडं बघून. "ज्या घरात कच्चं पाणी, त्या घरी माझं पाऊल पडणार न्हाय."

झालं! गल्लीतल्या बायांना मोकळं रान! घरोघर चुली पेटल्या, घरोघर फुकण्या निघाल्या, शेतातनं दमून आलेला गडी रांजणाकडं वळला की आतनं आवाज, धाड! नदीपल्याडच्या वस्तीत पटकी आली, रोज रडणं ऐकू यायचं, जेवण जात न्हवतं. कंपौंडर पेटी घेऊन आमच्या गल्लीत शिरला. "हैजा?" न्हाय. पुढचं घर, "हैजा?" न्हाय. आन् वसरीवर बाप्ये बसलेले, कुणाचं कपाळ फुटलेलं, कुणाचा हात गळ्यात. म्हणला, "या अल्ला! इधर क्या जंग हुई?" म्या म्हणलं, पानी साहेब, निस्तं पानी! मलमपट्टीच्या पट्ट्या संपल्या त्याच्या.

आन् आज सकाळची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक आलं, येडशीकडचं, त्यानं आपला तांब्या पुढं केला, घ्या म्हणला, सेठ. इरम्मा न्हवती. म्या चारी बाजूला बघितलं, तांब्या तोंडाला लावणार, तर ज्वारीच्या पोत्यामागनं जगदेवी आली आन् मनगटाला जी चावली म्हणता! कडकडून! तांब्या खाली, पाणी दुकानभर, गिऱ्हाईक वरडतंय, "सोडवा सेठ, पोरीला सोडवा, रगत आलं!" कशाला सोडवू? थोरला गेला तवा माझं बोट धरायचं बी बळ उरलं न्हवतं त्याच्यात. म्या हात तसाच ठेवला. म्हणलं, चाव माय, सावकाश चाव, दुसरा हात बी हाय.