चौथ्या दिवशीचा कौल

(मालवणकडच्या एका वाडीवरची पाचवी ते आठवीची शाळा. आत शेवटचा तास चालू आहे. बाहेर व्हरांड्यात तिघं बोलतात : मुख्याध्यापिका क्लेमेंटिनाबाई, पोरांची खिचडी शिजवणारी नर्मदा, आणि दत्ताराम. दत्ताराम शाळेच्या समितीचा अध्यक्ष आणि देवळाचा मानकरीही. दोन्ही मान एकाच माणसाकडे, म्हणून आज त्याला बसायलाही जागा सापडत नाही.)

नर्मदा : मगे उद्याचे तांदूळ निवडू काय नको, ताच सांगा बाई. बाकीचा माका काय समजणा नाय.

क्लेमेंटिनाबाई : नको, नर्मदा. निवडू नको.

नर्मदा : आणि परवाक?

क्लेमेंटिनाबाई : परवालाही नको. आज शेवटची खिचडी झाली. उद्यापासून शाळा बंद, मुलं सगळी हायवेवरच्या मोठ्या शाळेत. सकाळीच वरून कळलं. तुला जेवणाच्या सुट्टीत सांगणार होते, पण संचिता तुझ्या बाजूलाच बसली होती.

नर्मदा : पण तुमीच सांगलास ना, सायब येतले म्हणान? येतले, पोरांका बगतले, माझ्या संचिताक बगतले आणि शाळा ठेवतले.

क्लेमेंटिनाबाई : बघितलं असतं तर ठेवली असती. पोरं कमी असली तरी अपंग मुलगी आहे, दुसरी शाळा लांब आहे, मी शिफारस करतो, असं ते स्वतः म्हणाले होते.

दत्ताराम : बगूक गावला खंय तेंका काय?

नर्मदा : गावला नाय ता कोणामुळे, दादानू?

दत्ताराम : आता कोणाचा नाव घेव? गावपळण काय मी काढलंय नाय. वाडवडलांपासून चलत इली. देवान सांगल्यान की माणसां, गुरां, कोंबडे, कुत्रे, सगळ्यांनी वेशीभायर पडूचा. तीन रात्री गावात दिवो लागूचो नाय. तू या गावची सून, तुका मी काय सांगू?

क्लेमेंटिनाबाई : साहेबांना फोनवर हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ‘गाव पळतो म्हणजे कुठे पळतो, बाई?’ मी म्हटलं, कुठे नाही हो, ओढ्यापलीकडे जातो, माडाच्या झावळांच्या खोपी बांधून राहतो. आणि मुलंही तिथेच आहेत, मी खोपींच्या मध्ये शाळा भरवते, एक मूल गैरहजर नाही. तर म्हणाले, इमारतीबाहेरची शाळा आम्ही धरत नाही. मग मीच म्हटलं, चौथ्या दिवशी या. मुलं लेझीम करून दाखवतील. परसबागेतला लाल माठ बघा. संचिता कुबड्या घेऊन एकटी रॅम्प चढते, ते बघा. दिवस मीच दिला, नर्मदा. दुसऱ्या कुणी नाही.

दत्ताराम : दिस बरोबरच व्हतो. चौथ्या दिसाक देवान परत येवक कौल दिल्यान नाय, असा माझ्या हयातीत कदी झाला नाय. कोणीय तोच दिस सांगल्यान असतो.

नर्मदा : संचितान पण तोच धरल्यान. फाटफटी उठान माझ्याकडना दोन येण्यो घालून घेतल्यान. खोपीतच गणवेश घालून बसली. ‘आये, कौल झालो?’ मी म्हणतंय, होतलो गो. वायच येळान परत, ‘आये, कौल झालो?’

दत्ताराम : तीन खेपे इचारलंय मी. गुरवान देवाक पाकळी लायल्यान, मी हात जोडून उबो. पयली डावी पडली, म्हणजे ‘नाय’. दुसरीय डावी. तिसऱ्या खेपेक पाकळी हललीच नाय. मनात म्हटलंय, देवा, आज पोरांची शाळा आसा, आज तरी अडवू नको. देवासमोर आजपर्यंत असो कदी बोललंय नाय मी.

नर्मदा : चौथ्या खेपेक इचारूक व्हया व्हता.

दत्ताराम : देवाक असा खोदून खोदून इचारणत नाय, नर्मदा.

नर्मदा : व्हय. माझ्या चेडवासाठी इचारणत नाय.

क्लेमेंटिनाबाई : त्यांना का बोलतेस? कौल झाला नाही हे कळलं तेव्हा साहेब निघालेले होते. पलीकडे रेंज नाही. मी सड्यावर, वरच्या कातळमाळावर चढले, फोन लावत राहिले. लागला तेव्हा ते शाळेच्या दारात उभे होते, कुलपाचा फोटो काढून झाला होता. म्हणाले, ‘गावात कुत्रंसुद्धा नाही, बाई. शाळा कुणासाठी चालवता?’

दत्ताराम : तुमी धावत जावक व्हया व्हता, बाई. किल्ली तुमच्याकडे व्हती.

क्लेमेंटिनाबाई : वेशीपर्यंत धावतच आले होते.

दत्ताराम : मगे?

क्लेमेंटिनाबाई : मग उभी राहिले. शाळेचं कौल दिसत होतं तिथून, साहेबांची पांढरी गाडीसुद्धा दिसत होती. हाक मारली, पण वारा उलटा.

दत्ताराम : तुमका कोण अडवतलो व्हतो? तुमचो देव येगळो. आत गेला असता तर गावान तुमका काय एक म्हटला नसता.

क्लेमेंटिनाबाई : देव वेगळा असेल. गाव एकच ना, दादा? माझी कोंबडीसुद्धा मी बाहेर नेली होती. सगळा गाव बाहेर थांबलाय आणि मी एकटीच आत जाऊ, हे माझ्याने झालं नाही. आता रोज वाटतं, जायला हवं होतं. गेले असते तर पुढच्या वर्षी कुणाची गुरं मेली तरी माझ्याकडे बघितलं असतं, हेही वाटतं. काही केलं तरी चुकलंच असतं.

नर्मदा : तुमचा काय चुकला नाय. तुमचा कोणाचाच काय चुकला नाय. तरी शाळा गेली ती गेलीच.

दत्ताराम : नर्मदा, गाडी येतली पोरांका नेवक. सरकारी गाडी, फुकट.

नर्मदा : गाडी खंयपर्यंत येतली?

दत्ताराम : खाली डांबरी रस्त्यापर्यंत.

नर्मदा : आणि वाडीसून डांबरीपर्यंत घाटी कोण उतरतलो? चिऱ्याच्यो पायऱ्यो, पावसात शेवाळ. ल्हान व्हती तवा पाठुंगळी घेवन मी आख्खो मालवण फिरलंय. आता ती माझ्यापेक्षा उंच झाली.

दत्ताराम : आमचे झिलगे आसत. निलेश आसा, ओंकार आसा. खुर्चेर बसवून रोज खाली सोडतले.

नर्मदा : तेरा वर्साचा चेडू आसा ता, दादानू. बापयमाणसांनी उचलून न्हेलला तिका आवडणा नाय. गेल्या म्हयन्यापासून तर माका पण हात लावक देणा नाय. तुमका कसा सांगू? हंयच्या संडासात धरूक दांडी आसा, म्हणान ती दिवसभर शाळेत रवता. थंय दांडी आसा?

क्लेमेंटिनाबाई : नाही. मी आधी तेच विचारलं. प्रस्ताव टाका म्हणाले.

नर्मदा : हंयची दांडी बसाक किती वर्सां गेली, ती माका म्हायत आसा.

क्लेमेंटिनाबाई : घरी शिकवायला विशेष शिक्षक येतील. आठवड्यातून एकदा. तेही बांद्याहून, त्यांना जमेल तसं.

नर्मदा : आणि उरलेले दिस ती कोणाबरोबर बोलतली? माझ्या टोपांबरोबर?

दत्ताराम : माका काय तरी बोल गो. गाळी दी. अशी हळू बोलू नको.

नर्मदा : गाळी देवन काय करू? तुमचो विनीत पिवळ्या बशीन मालवणाक इंग्लिश शाळेत जाता. वरच्या वाडीतली सगळी पोरां जातत. ती पोरां हंय असती तर सायबान येवचीच गरज नाय व्हती. कौल डावो पडो नायतर उजवो.

दत्ताराम : ता खरा. म्हणान तर मघापासून उबो आसंय.

क्लेमेंटिनाबाई : दादा, तुम्ही बसा.

दत्ताराम : देवाक गाऱ्हाणा घालूया, नर्मदा. सगळो गाव मिळून. देव काय तरी वाट दाखयतलो.

नर्मदा : नको. देवाक आता काय एक सांगा नकात. बरो गप आसा तो.

क्लेमेंटिनाबाई : घंटा व्हायला आली. तिला मी सांगते. वर्गातून बाहेर आली की मी तिच्याशी बोलते.

नर्मदा : तुमी नको. तुमी सांगलास तर तुमच्या डोळ्यांत पाणी येतला, आणि मगे तीच तुमका समजावत बसतली. ‘नाय हां बाई, मी घराक अभ्यास करतलंय’ म्हणतली. माका ता बगवचा नाय.

दत्ताराम : मगे कोण सांगतला?

नर्मदा : आज कोणीच नको. आज तिका नेहमीसारखी घराक जावंदे. वाटेत आबोली खुडतली, डब्यात घालतली, तुमका उद्या देवक.

क्लेमेंटिनाबाई : नर्मदा, उद्या मी नसणार. मला सकाळी तिकडे हजर व्हायचंय.

नर्मदा : म्हायत आसा. पण मी तिका घेवन येतलंय.

क्लेमेंटिनाबाई : कुठे? इथे? अगो, दाराक कुलूप आसतला. हंय कोण नसतला.

नर्मदा : नसांदे. वर्गाक कुलूप घालतले, भायरच्या रॅम्पाक कोण घालतलो?

दत्ताराम : आणि हंय येवन ती करतली काय?

नर्मदा : चढतली, उतरतली. तिका एकटीक चढाक येता असो ह्यो एकच रस्तो आसा, दादानू.