सुभ्याची अमरनाथ यात्रा

तुम्ही अमरनाथचं कौतुक मला सांगू नका राव. गावात केबल नवी नवी आली, त्या साली आम्ही गणपतीत ओतूरलाच ती गुहा उभी केली होती, खऱ्या बर्फाची! गणपतीत मासे कोण खातंय, म्हणून मासळीवाल्याकडं लाद्या पडूनच होत्या. गाइड नेमला आमचा सुभ्या, जो जन्मात नारायणगावच्या पुढं गेला नव्हता.

आणे गावाहून जीप भरून माणसं आली. सुभ्या बॅटरी मारत म्हणतोय, "चपला भाईर काढा. ह्यो बर्फ थेट हिमालयातून आणलाय." झालं! बायाबापड्या गळणारं पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावायला लागल्या.

तेवढ्यात एक लादी वितळली आणि आतून बांगड्याची शेपटी बाहेर आली. एक आजी म्हणाली, "आरं भाऊ, ह्यो मासा कुठला?"

मला वाटलं, संपलं. मंडळाची अब्रू गेली, आणि पळावं तर चपला बाहेर. पण सुभ्यानं जागेवर हात जोडले. "आजी, पाया पडा. मत्स्यावतार हाय!"

दुसऱ्या दिवशी पार शिनोलीपासून लोक आले. सगळ्यांना अवतारच बघायचा, आणि अवतार तर रात्रीच मांजरानं पळवलेला. सुभ्या गुपचूप मासळीवाल्याकडं गेला. येताना भर चौकात त्याच्या आईनं पिशवी धरली.

"मुडद्या, घरात गणपती बसलाय आन् तू मासा खातोस?"

सुभ्या रडकुंडीला आला. "आये, खायला न्हाई गं! दर्शनाला लोक खोळंबल्यात!"